विश्लेषण : डिझेल इंजिनाची कॅब सव्वा इंचात हुबेहूब कशी उभारतात?

रेल्वे मॉडेलच्या प्रदर्शनात लहान मुले धावणाऱ्या गाडीकडे बघतात. रेल्वेत नोकरी केलेला माणूस मात्र थांबलेल्या इंजिनाशी वाकून कॅबच्या खिडकीतून आत डोकावतो. आत नुसती काळी पोकळी असेल तर तो पुढे जातो. चालकाचे आसन, कंट्रोल स्टँड, ब्रेकचे हॅण्डल जागच्या जागी असेल तर तिथेच रेंगाळतो. बाजारात मिळणाऱ्या मॉडेलमध्ये हा तपशील बहुधा नसतो. तो हाताने घडवावा लागतो. हे काम नेमके कसे चालते, त्यात अचूकपणा म्हणजे काय आणि आजच ते करण्याची घाई का आहे, याचा हा आढावा.

उदाहरणासाठी कोणते इंजिन?

भारतीय रेल्वेचे सर्वांत ओळखीचे डिझेल इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. नावातील ‘डब्ल्यू’ ब्रॉडगेजसाठी, ‘डी’ डिझेलसाठी, ‘एम’ प्रवासी आणि मालगाडी अशा मिश्र कामासाठी, तर २ हा आकडा श्रेणीचा. अमेरिकेतील ‘अल्को’ कंपनीच्या आराखड्याचे हे २,६०० अश्वशक्तीचे, १६ सिलिंडरचे इंजिन १९६२ मध्ये भारतात आले. १९६४ पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये त्याची बांधणी सुरू झाली. मूळ अल्को कंपनीने १९६९ मध्ये रेल्वे इंजिने बनवणे थांबवले. वाराणसीत मात्र हे काम पुढे तीन दशके चालू राहिले आणि अडीच हजारांहून अधिक इंजिने बाहेर पडली. पुढे यातील अनेकांची क्षमता ३,१०० अश्वशक्तीपर्यंत वाढवून त्यांना डब्ल्यूडीएम-३ए हे नाव देण्यात आले.

महाराष्ट्राशी या कुळाचे नाते जवळचे आहे. पुणे आणि कल्याणच्या शेडमधील इंजिनांनी पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर आणि कोकण रेल्वेवर वर्षानुवर्षे गाड्या ओढल्या. कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण जून २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. ज्या कारखान्यात ही इंजिने बनली, त्याचे नावही २०२० मध्ये बदलून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले आणि आता तिथे प्रामुख्याने विजेची इंजिने तयार होतात. जुनी डिझेल इंजिने एकेक करून सेवेतून बाद होऊन भंगारात निघत आहेत. कॅब मोजायला उभी असलेली इंजिने दरवर्षी कमी होत आहेत. घाई आहे ती यासाठी.

‘स्क्रॅच-बिल्डिंग’ म्हणजे काय?

तयार किट किंवा तयार सुटे भाग न वापरता पत्रा, प्लास्टिक, तार अशा कच्च्या मालातून मॉडेल घडवणे म्हणजे स्क्रॅच-बिल्डिंग. अख्खे इंजिन असे बांधणारे थोडे. बहुतेक जण इंजिनाचे बाहेरचे कवच आणि चालणारा सांगाडा तयार घेतात आणि फक्त कॅब नव्याने बांधतात. कारण तयार मॉडेलमध्ये कॅब म्हणजे बहुधा खिडक्या असलेली रिकामी डबी असते.

थ्रीडी प्रिंटरने हे काम सोपे होत नाही का? काही प्रमाणात होते. एकाच प्रकारची चार आसने हवी असतील तर प्रिंटर उत्तम. पण प्रिंटरला देण्याचा आराखडाही मोजमापातूनच तयार होतो. माप चुकले तर प्रिंटर ती चूक सुबकपणे छापून देतो. मोजणे, निवडणे आणि सोडून देणे या तीन गोष्टी दोन्ही पद्धतींत माणसालाच कराव्या लागतात.

प्रमाणाचे गणित कसे असते?

जगात सर्वाधिक वापरले जाणारे मॉडेल प्रमाण म्हणजे ‘एचओ’, अर्थात १:८७. पुण्याच्या कोथरूडमधील जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज हे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले, १९९८ मध्ये खुले झालेले संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. तेथील छोटे शहर आणि गाड्या याच प्रमाणातल्या. या प्रमाणात साधारण १७ मीटर लांबीचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन १९ ते २० सेंटीमीटरचे होते. कॅबची रुंदी सव्वा इंचाच्या आसपास भरते. १७० सेंटीमीटर उंचीचा लोको पायलट १९.५ मिलिमीटरचा होतो. ४५ सेंटीमीटर उंचीचे आसन पाच मिलिमीटरचे. १० सेंटीमीटर व्यासाची गेजची तबकडी १.१५ मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान.

भारतीय मॉडेलकारांपुढे एक जादाची अडचण असते. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी ठरले आहेत. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा आहे. तो १:८७ मध्ये १९.२६ मिलिमीटर व्हायला हवा. म्हणजे तयार रुळांवर आपले इंजिन चालवायचे तर चाके पावणेतीन मिलिमीटर आत घ्यावी लागतात. उलट गेज खरा मानून इंजिन काढले तर प्रमाण जवळपास १:१०२ होते आणि इंजिन इतर गाड्यांपुढे खुजे दिसते. त्यामुळे बहुतेक जण रुळांशी तडजोड करतात आणि वरचे इंजिन १:८७ मध्येच ठेवतात. ही तडजोड समोरून पाहिल्याशिवाय डोळ्यांत येत नाही. कॅबमधील चूक मात्र बाजूने, वरून, समोरून कुठूनही दिसते.

एकाच मालिकेतली इंजिने सारखी नसतात?

सर्वांत मोठी चूक इथेच होते. ‘डब्ल्यूडीएम-२ची कॅब’ अशी एकच एक गोष्ट नाही. इंजिन कारखान्यातून एका रूपात निघते आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे शेडमध्ये बदलत राहते. व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात कॅबमध्ये व्हॅक्यूमची गेज होती. १९८०च्या दशकापासून एअर ब्रेकच्या गाड्या वाढल्या आणि गेजची मांडणी बदलत गेली. पुढे धोक्याचा इशारा देणारा फ्लॅशर दिवा आला, चालक सावध आहे का हे तपासणारे व्हिजिलन्स उपकरण आले, जुन्या स्पीडोमीटरच्या जागी इलेक्ट्रॉनिक आले. पंखे, आसने, पाण्याची बाटली ठेवायची कडी, काचेवरची जाळी अशा गोष्टी शेडनुसार वेगळ्या. ‘जम्बो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काही डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचा तर पुढचा हुडच बुटका आणि समोरच्या काचा मोठ्या होत्या.

म्हणून अनुभवी मॉडेलकार पहिला प्रश्न ‘कोणत्या श्रेणीचे इंजिन?’ असा विचारत नाही. तो विचारतो, ‘कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या शेडचे आणि कोणत्या साली?’ याचे उत्तर ठरले की निम्मे वाद मिटतात. हे न ठरवता केलेल्या मॉडेलमध्ये व्हॅक्यूम गेजशेजारी इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर येतो, फ्लॅशर दिव्याच्या काळातील इंजिनावर साठच्या दशकातील रंग येतो. प्रत्येक भाग वेगळा पाहिला तर बरोबर. पण एकत्र असे इंजिन कधी रुळांवर धावलेलेच नसते.

मापे मिळवायची कुठून?

पहिला मार्ग संग्रहालयांचा. अमेरिकेतून आलेले पहिले डब्ल्यूडीएम-२, क्रमांक १८०४०, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे. अशा ठिकाणी परवानगी घेऊन टेपने मोजता येते. मात्र जतन केलेल्या इंजिनांना नवा रंग दिलेला असतो आणि आतले काही भाग काढलेले असू शकतात. त्यामुळे मापे संग्रहालयातून आणि मांडणी सेवेत असतानाच्या फोटोंतून, अशी विभागणी करावी.

दुसरा मार्ग फोटोचा. बाजूने काढलेल्या फोटोत एक ज्ञात माप शोधायचे. डब्ल्यूडीएम-२चे नवे चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचे. समजा फोटोत ते १८२ पिक्सेल भरले, तर एक पिक्सेल म्हणजे ६ मिलिमीटर. खिडकी १२० पिक्सेल भरली तर ती ७२० मिलिमीटरची आणि मॉडेलमध्ये ८.३ मिलिमीटरची.

यात दोन फसगती आहेत. चाक झिजते आणि कारखान्यात खरडले जाते. त्यामुळे जुन्या इंजिनाचे चाक १,०९२ पेक्षा लहान असते. दुसरी फसगत अंतराची. चाक हे कॅबच्या बाहेरच्या भिंतीपेक्षा साधारण ६० सेंटीमीटर आत असते. तीन मीटरवरून फोटो काढला तर दूर असलेले चाक भिंतीच्या मानाने सुमारे १७ टक्के लहान दिसते आणि त्यावरून काढलेली खिडकी सुमारे २० टक्के फुगते. हाच फोटो २० मीटरवरून झूम करून काढला तर फरक तीन टक्क्यांवर येतो. मोबाइलने काढायचा असेल तर लांब जा आणि झूम करा, हा नियम त्यामुळेच. शक्य तिथे भिंतीला टेप लावून फोटो काढला तर चाकावर विसंबण्याची गरजच उरत नाही.

तिसरा मार्ग माणसांचा. निवृत्त लोको पायलट आणि शेडमधील फिटर यांना कॅब हातांनी आठवते. कोणते हॅण्डल कुठे होते हे ते बसल्या जागी हात फिरवून दाखवतात. शेडने स्वतः केलेले बदल अनेकदा कारखान्याच्या आराखड्यात नसतात. ते या माणसांकडे आणि त्यांच्या जुन्या फोटोंत असतात.

एक गोष्ट मात्र टाळायलाच हवी. शेड, यार्ड किंवा उभ्या इंजिनात परवानगीशिवाय शिरणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, शिवाय जिवाला धोका वेगळाच. कॅबचे माप त्यासाठी कितीही महत्त्वाचे असले तरी नाही.

कॅबमध्ये नेमके काय असते?

डब्ल्यूडीएम-२मध्ये एकच कॅब असते आणि ती इंजिनाच्या एका टोकाजवळ असते. तिच्या एका बाजूला आखूड हुड, दुसऱ्या बाजूला डिझेल इंजिन सामावणारा लांब हुड. इंजिन दोन्ही दिशांना चालवायचे असल्याने बहुतेक कॅबमध्ये दोन कंट्रोल स्टँड असतात. चालक नेहमी जाण्याच्या दिशेने डाव्या बाजूला बसतो. त्यामुळे हे दोन स्टँड समोरासमोर नसून कर्णरेषेत येतात. मॉडेलमध्ये दोन्ही स्टँड एकाच बाजूला लावणे ही नेहमी दिसणारी चूक. चालकाची मूर्ती बसवतानाही हीच काळजी घ्यावी लागते. गाडी ज्या दिशेला जाणार, त्या दिशेच्या डाव्या बाजूला तो हवा आणि उजवीकडे सहायक.

कंट्रोल स्टँडवर मुख्यतः तीन गोष्टी डोळ्यांत भरतात. आठ नॉचचा थ्रॉटल, पुढे-मागे दिशा ठरवणारा रिव्हर्सर आणि ब्रेकची हॅण्डल. ए-९ हा संपूर्ण गाडीचा ब्रेक, तर एसए-९ हा फक्त इंजिनाचा. त्यांच्या वर गेजची रांग आणि विद्युतप्रवाह दाखवणारा लोड मीटर. याखेरीज आसने, दिव्यांचे स्विच, पंखे, वायपरच्या मोटरी, भिंतीवरचे पाइप आणि मागच्या भिंतीवरील विद्युत कपाटांची दारे.

हे सगळे करायचे का? खिडकीतून डोळा लावला तर काय दिसते हे आधी पाहावे. कोऱ्या पुठ्ठ्याची कॅब करून तिला खिडक्या कापाव्यात आणि आत पेन्सिलीच्या तुकड्यांसारखी ओबडधोबड रूपे ठेवून चारही बाजूंनी फोटो काढावा. जे फोटोत दिसत नाही, ते करण्यात वेळ घालवू नये. बहुधा स्टँडचा वरचा भाग, आसनांच्या पाठी, मागची भिंत आणि छताजवळचा पंखा एवढेच दिसते. जमिनीवरचे पाइप, पायाजवळच्या पेट्या कोणालाच दिसत नाहीत.

भिंती जाड का दिसतात?

कॅबसाठी सर्वांत सोयीचा माल म्हणजे पॉलिस्टायरीनची पांढरी शीट. ती धारदार ब्लेडने रेघ ओढून मोडता येते आणि विद्रावकाने एकजीव जोडता येते. पण जाडीचे भान हवे. १ मिलिमीटरची शीट म्हणजे प्रत्यक्षात ८७ मिलिमीटर, जवळजवळ साडेतीन इंचांची भिंत. खिडकीच्या कडेला ही जाडी उघडी पडते आणि इंजिन पत्र्याऐवजी विटांचे वाटू लागते. अर्धा मिलिमीटरची शीटही ४३ मिलिमीटरची ठरते. पाव मिलिमीटरची शीट २२ मिलिमीटर, म्हणजे दिसायला ठीक. पण ती एकटी उभी राहत नाही.

यावरचा उपाय दोन थरांचा. बाहेरचा थर पाव मिलिमीटरचा आणि त्यात खिडक्या नेमक्या मापाने कापलेल्या. आतला थर अर्धा मिलिमीटरचा, पण खिडकीभोवती दीड-दोन मिलिमीटर मोठा कापलेला. कडेला फक्त पातळ थर दिसतो, ताकद मात्र आतल्या थराची मिळते. शिवाय आतल्या मोठ्या चौकटीत काच बसवायला आयती खाच तयार होते. तयार प्लास्टिकची कॅब वापरायची असेल तर खिडकीच्या कडा आतून तिरक्या घासून हाच परिणाम साधता येतो.

खिडक्या कापताना कोपऱ्यांपासून सुरुवात करावी. मूळ खिडकीचे कोपरे गोलाकार असतील तर आधी तेवढ्या व्यासाचे छिद्र हाताच्या ड्रिलने पाडून नंतर छिद्रे सरळ रेषेने जोडावीत. चौकोन कापून मागाहून कोपरे गोल करायला गेले तर चारही वेगळे होतात.

मोहरीएवढी गेज कशी करतात?

खऱ्या गेजचा समोरून काढलेला फोटो संगणकावर लहान करून १.१५ मिलिमीटरवर आणतात आणि चकचकीत कागदावर छापतात. ६०० डीपीआयच्या छपाईत या तबकडीला सुमारे २७ ठिपके मिळतात. एवढ्या ठिपक्यांत आकडे वाचता येत नाहीत, पण पांढरी तबकडी, काळी कडा आणि काटा कळतो. त्याहून अधिक हवे असेल तर ७ मिलिमीटर बरोबर १ फूट या ‘ओ’ प्रमाणाकडे वळावे लागते. तिथे तबकडी दुपटीने मोठी होते.

गोल तबकडी कात्रीने कापणे अशक्यच. इंजेक्शनच्या १६ नंबरच्या कोऱ्या सुईचा आतला व्यास साधारण १.२ मिलिमीटर असतो. तिचे टोक सपाट घासून बाहेरून धार दिली की छोटा पंच तयार होतो. तबकडी चिकटवून तिच्यावर फेव्हिकॉलचा सुईच्या टोकाएवढा थेंब सोडला की सुकल्यावर तो पारदर्शक होतो आणि काचेसारखा फुगवटा देतो.

हॅण्डलसाठी घरातल्या वीजतारेसारखे साहित्य नाही. एक चौरस मिलिमीटरच्या मऊ वायरमध्ये बहुधा ०.३ मिलिमीटर जाडीचे १४ तांब्याचे धागे असतात. १:८७ मध्ये हा धागा २६ मिलिमीटरचा, म्हणजे कॅबबाहेरच्या कठड्याच्या दांड्याएवढा. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधील ०.२ मिलिमीटरचा धागा १७ मिलिमीटरचा. ब्रेकच्या हॅण्डलला आणि भिंतीवरच्या विजेच्या पाइपला योग्य. हॅण्डलचा गोल मुठीचा भाग म्हणजे तारेच्या टोकावर सुकू दिलेला गोंदाचा थेंब. काचेवरच्या जाळीसाठी चहाच्या जुन्या गाळणीची बारीक जाळी चालते.

मोटर कुठे ठेवायची?

मॉडेल नुसते ठेवायचे असेल तर प्रश्न नाही. चालवायचे असेल तर मोटर लांब हुडमध्ये बसते, पण तिचा दांडा पुढच्या बोगीपर्यंत कॅबच्या खालून जातो आणि बोगीवरचे गिअर कॅबच्या जमिनीत घुसतात. जमीन दोन-तीन मिलिमीटर वर उचलावी लागते. ही उंची प्रत्यक्षात १७ ते २६ सेंटीमीटर होते. त्यावर खऱ्या मापाचे आसन ठेवले तर चालकाचे डोके छताला लागते.

इथे मोजमापाचा आधार बदलावा लागतो. जमिनीपासून मोजण्याऐवजी खिडकीच्या खालच्या कडेपासून मोजावे. स्टँडचा माथा खिडकीच्या कडेपेक्षा किती वर किंवा खाली, आसनाची पाठ किती वर, चालकाचा खांदा कुठे येतो, हे फोटोंवरून ठरवून ते तसेच ठेवायचे. कमी करायचे ते खालून. आसनाचे पाय, स्टँडचा पाया, चालकाच्या मूर्तीचे गुडघ्याखालचे पाय बिनदिक्कत कापावेत. बाहेरून पाहणाऱ्याला खिडकीच्या वरचेच दिसते आणि ते सगळे अचूक असते.

काच, रंग आणि दिवे यांत काय चुकते?

काच बसवताना फेविक्विकसारखा झटपट गोंद वापरला की त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुके धरते आणि ते सहसा जात नाही. काचेला पांढरा गोंदच बरा. सर्वांत शेवटी, रंग पूर्ण वाळल्यावर काच बसवावी.

आतला रंग कॅब बंद करण्याआधीच द्यावा लागतो, म्हणून छत सुटे ठेवणे शहाणपणाचे. आतल्या भिंतींचा रंग शेडनुसार आणि काळानुसार बदलतो. इथेही निवडलेल्या इंजिनाचा फोटोच प्रमाण. रंग डबीतून येतो तसा थेट दिला तर छोट्या कॅबमध्ये गडद दिसतो. त्यात थोडा पांढरा मिसळून फिकट केला तर खिडकीतून आतला तपशील दिसतो. झीज दाखवायची ती हात-पाय लागतात तिथे. दाराच्या कडीभोवती, पायरीवर, खिडकीच्या हात टेकायच्या कडेवर. सगळीकडे सारखी फासलेली काजळी खोटी वाटते.

दिव्यांचा मोह अनेकांना होतो. छोटा एलईडी छताला लावला की आतली सगळी मेहनत झळकते. पण रात्री गाडी चालवताना कॅबचा दिवा बंद असतो. तो चालू ठेवला तर चालकाला काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसेल आणि बाहेरचा सिग्नल नाही. म्हणून धावत्या मॉडेलमध्ये झगमगती कॅब ही चूकच. डिजिटल नियंत्रण असेल तर इंजिन थांबल्यावरच दिवा लागेल अशी सोय करता येते.

विद्रावक वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ ज्योत नसावी आणि ब्लेडने एका जोरात कापण्याऐवजी हलक्या हाताने चार वेळा रेघ ओढावी. इतक्या लहान कामात सर्वाधिक नुकसान घाईनेच होते.

अचूकपणा कुठे थांबतो?

कॅबमध्ये भाग किती आहेत यावर अचूकपणा ठरत नाही. दिसणारा प्रत्येक भाग एकाच इंजिनाचा आणि एकाच काळाचा आहे का, यावर ठरतो. दहा भाग असतील आणि दहाही बरोबर असतील, तर शंभर भागांच्या सरमिसळीपेक्षा ते मॉडेल अधिक खरे. ज्याचा पुरावा मिळाला नाही तो भाग अंदाजाने भरण्यापेक्षा साधा, सपाट ठेवणे प्रामाणिकपणाचे.

यासाठी एक छोटी सवय उपयोगी पडते. कॅबची जमीन चिकटवण्याआधी तिच्या खालच्या बाजूला बारीक पेनने इंजिनाचा क्रमांक, शेड आणि साल लिहून ठेवायचे. सोबत एका वहीत कोणते माप कुठून घेतले, कोणते फोटोवरून काढले, कोणते कोणाच्या आठवणीवरून घेतले आणि कुठे जाणूनबुजून तडजोड केली, याची नोंद. ही वही नसेल तर मॉडेल शोभेची वस्तू राहते. वही असेल तर पुढचा माणूस ते तपासू शकतो, दुरुस्त करू शकतो, मोठ्या प्रमाणात पुन्हा बांधू शकतो.

संग्रहालयात जाणार ती मोजकी इंजिने. उरलेल्यांच्या कॅब गॅस कटरखाली जातील आणि त्यांच्यासोबत शेडमधल्या फिटरने वाकवून बसवलेली कडी, चालकाने सोयीसाठी सरकवून घेतलेला पंखाही जाईल. ज्यांनी त्या कॅबमध्ये रात्री काढल्या, ती पिढी आता निवृत्त होत आहे. त्यांच्यापैकी कोणी ओळखीचे असेल तर शीट आणि ब्लेड विकत घेण्याआधी त्यांच्याकडे टेप आणि वही घेऊन जावे. मॉडेल पुढच्या वर्षीही बांधता येईल. ती माहिती पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही.